एकशे आठला फोन लावल्यावर पलीकडे कोण असते?



मागच्या महिन्यात आठवीच्या वर्गात आम्ही एक साधा प्रयोग केला. दोघादोघांना पाठीला पाठ लावून बसवले. एकाने 'आजी चक्कर येऊन पडली' असे सांगून मदत मागायची, दुसऱ्याने ऐकलेले वहीत उतरवायचे. आजीची हकीकत सगळ्यांनी छान सांगितली. घर कुठे आहे ते मात्र बहुतेकांनी अगदी शेवटी सांगितले, काहींनी सांगितलेच नाही. एका मुलीला पिनकोड पाठ होता, घराचा क्रमांक नव्हता.

यावरून मुलांना हसण्याचा आम्हाला अधिकार नाही. दोन वर्षांपूर्वी स्नेहसंमेलनात एक वयस्कर पाहुणे कोसळले, तेव्हा आम्ही शिक्षकांनीच फोनवर "मराठी शाळेत या, लवकर या" एवढेच पुन्हा पुन्हा सांगितले होते. पलीकडच्या ताई शांतपणे विचारत होत्या, "रस्ता कोणता? गाडी कोणत्या फाटकाशी आणायची?" फाटकाचे आम्ही सांगितलेच नाही. गाडी मागच्या, कुलूप लावलेल्या फाटकाशी येऊन उभी राहिली आणि आम्ही किल्ली शोधत बसलो. पाहुणे बरे झाले, पण ती पाच मिनिटे अजून आठवतात.

त्या ताईंचे काम नेमके काय असते?

१०८ ही सेवा १५ ऑगस्ट २००५ रोजी आपल्याच हैदराबादेत सुरू झाली. पुढे ती गुजरात, गोवा अशी पसरत गेली. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची सेवा २०१४ मध्ये आली. केंद्रात फोन घेणारा एक आणि गाडी पाठवणारा दुसरा, अशी कामाची वाटणी असते. सल्ल्यासाठी डॉक्टरही असतात. (रुग्णवाहिकेच्या चालकाला तिथे 'पायलट' म्हणतात, हे ऐकून आमचे विद्यार्थी फार खूश झाले!)

फोन घेणारा आधी जागा विचारतो. 'माणूस मरतोय आणि हे पत्ता विचारतात' असा पालकांना राग येतो. पण फोन मध्येच तुटला, तर काय झाले हे न कळताही गाडी पाठवता येते. कुठे पाठवायची हे न कळता येत नाही. मोबाइलवरून जागेचा अंदाज मिळू शकतो, पण तिसऱ्या मजल्यावरचे दार त्यात दिसत नाही. त्यात आपल्या जुन्या वस्त्यांतले घरक्रमांक म्हणजे वॉर्ड, ब्लॉक, घर असे आडव्या रेघांनी जोडलेले आकडे, आणि घराच्या वाटण्या झाल्या की पुढे आणखी तिरक्या रेघा. 'हनुमान मंदिराजवळ' म्हणावे, तर काचीगुड्यापासून सुलतान बाजारपर्यंत हनुमान मंदिरे किती!

आकड्यांची आणखी एक गंमत. आपण घरी 'एकोणनव्वद' म्हणतो, हिंदीत तेच 'नवासी' होते आणि 'उन्यासी' म्हणजे एकोणऐंशी. घाबरलेला माणूस यात हमखास चुकतो. म्हणून आकडे सुटे सांगावेत: आठ, नऊ. फोन घेणाराही ते सुटेच परत म्हणून दाखवतो. तेव्हा "हो हो" न म्हणता नीट ऐकावे.

एवढ्यात दुसरा कर्मचारी पडद्यावर जवळची मोकळी गाडी शोधून तिला निरोप देतो. पोलीस आणि अग्निशमन दलात हे काम वायरलेसवरही चालते. तिथे एका वेळी एकानेच बोलायचे असते आणि बटण दाबून क्षणभर थांबायचे असते. नाहीतर पहिले अक्षर कापले जाते आणि 'नको'चे 'को' होते.

गाडी येईपर्यंत फोन ठेवू नका, असे सांगितले तर ठेवू नये. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरा, बेशुद्ध माणसाला पाणी पाजू नका, श्वास बंद असेल तर छातीवर मिनिटाला १०० ते १२० वेळा दाब द्या, हे सगळे त्या फोनवरूनच सांगितले जाते. त्या माणसाचे पुढे काय झाले, हे सांगणाऱ्याला बहुधा कळत नाही. लगेच पुढचा फोन वाजतो. तो कधी अपघाताचा असतो, तर कधी मजा म्हणून कुणा मुलाने लावलेला. आमच्याही वर्गात दोन हात वर झाले. नावे लिहीत नाही.

पालकांनी हे काम मुलांच्या भवितव्याच्या दृष्टीनेही पाहावे. रात्रपाळी असते, मनावर ताण येतो; पण मराठी, तेलुगू, हिंदी आणि इंग्रजी ऐकून झटपट टाइप करणारी मुले इथे हवीच असतात. २०१८ मध्ये हिमाचल प्रदेशापासून सुरू झालेल्या ११२ या एकाच क्रमांकामुळे अशी केंद्रे आता राज्याराज्यांत आहेत.

गृहपाठ: एका पोस्टकार्डावर घरक्रमांक, गल्ली, मजला, जवळची ठळक खूण आणि गाडी कुठपर्यंत येते, हे मराठीत व तेलुगूत लिहावे. आजी-आजोबांकडून मोठ्याने वाचून घ्यावे. अडले तिथे अक्षर मोठे करावे. सोमवारी वर्गशिक्षकांना दाखवून कार्ड घरी दाराच्या आतल्या बाजूस लावावे. शाळेच्या दोन्ही फाटकांचे कार्ड आम्ही कार्यालयात लावले आहे. किल्लीही त्याच खिळ्याला आहे.