उपचारानंतरचा थकवा आणि बेताचा व्यायाम

देगलूर हा तेलंगण व कर्नाटक यांच्या सीमेला भिडलेला नांदेड जिल्ह्यातील तालुका. स्तनाच्या कर्करोगावरील उपचारांसाठी येथील स्त्रीला बहुधा नांदेड, हैदराबाद किंवा थेट मुंबई गाठावी लागते. २०१२ च्या जुलैमध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत नांदेड होता. पुढे महात्मा जोतिराव फुले यांचे नाव धारण केलेल्या या योजनेने खर्चाचा भार पुष्कळ हलका केला. परंतु उपचार संपवून घरी परतलेल्या स्त्रीबरोबर जो थकवा येतो, त्याची दखल सहसा घेतली जात नाही.

हा थकवा झोपेने जात नाही. तो काही महिने, क्वचित काही वर्षेही टिकतो. तपासण्या समाधानकारक असताना ती बसून का राहते, हे घरच्यांना उमगत नाही. मग कोणी तिला पडून राहण्याचा सल्ला देतो, तर कोणी कामाला जुंपतो. दोन्ही गोष्टी अपायकारकच. सतत पडून राहिल्याने स्नायू क्षीण होतात, हृदयाची क्षमता घटते आणि कालचेच काम आज अधिक जड वाटू लागते.

अमेरिकेतील क्रीडावैद्यक महाविद्यालयाने बोलावलेल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी २०१९ मध्ये असे नमूद केले की, आठवड्यातून तीन दिवस, प्रत्येकी अर्धा तास मध्यम गतीचा व्यायाम सुमारे बारा आठवडे केल्यास हा थकवा कमी होतो. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने ८५० स्त्रियांवर केलेल्या योगाच्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये मांडले. त्यांतही थकवा व वेदना उतरल्याचे आढळले.

"आमच्या बायकांचा व्यायाम शेतातच होतो," असे यावर हमखास म्हटले जाते. खुरपणीचे किंवा सोयाबीन काढणीचे माप मात्र शेत ठरवते, शरीर नव्हे. ओळ संपेपर्यंत थांबता येत नाही. व्यायामाचे माप ज्याचे त्याच्या हाती असते, आणि गुण येतो तो त्यामुळेच. प्रारंभी पाच-दहा मिनिटे चालणे पुरे. दर आठवड्यास थोडी वाढ करावी. चालताना बोलता यावे, परंतु ओवी म्हणता येऊ नये, इतकी गती असावी. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हे सूर्योदयाच्या सुमारासच उरकणे इष्ट. थकवा अधिक असलेल्या दिवशी वेळ निम्मी करावी, खंड मात्र पाडू नये.

शस्त्रक्रियेच्या बाजूचा हात सुजेल या भीतीने अनेकजणी तो हलवीतच नाहीत. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, हातास आधीच सूज असलेल्या १४१ स्त्रियांपैकी निम्म्या स्त्रियांकडून देखरेखीखाली, हळूहळू वाढवीत वजने उचलवून घेण्यात आली. त्यामुळे सूज वाढली नाही. याचा अर्थ भरलेला हंडा एकदम उचलावा असा नव्हे. भिंतीवर बोटे चढवीत हात वर नेणे, खुर्चीवरून उठणे-बसणे येथून आरंभ करावा.

तत्पूर्वी वैद्यांची भेट अवश्य घ्यावी. रक्तक्षय, कंठग्रंथीचा विकार, निद्रानाश व नैराश्य यांमुळेही थकवा येतो, आणि त्यांवर स्वतंत्र उपचार आहेत. काही औषधांचा हृदयावर परिणाम होतो. रोग हाडांत पसरला असल्यास व्यायामाचा प्रकार बदलावा लागतो. ताप, चक्कर, छातीत दुखणे, दम लागणे, हाडात नवी वेदना किंवा हातावर नव्याने सूज दिसल्यास व्यायाम त्वरित थांबवून डॉक्टरांकडे जावे.