अपुऱ्या दिवसांचे बाळ आणि आईचे दूध

३७ आठवडे भरण्याआधी जन्मलेले बाळ अंगावर ओढत नाही, की घरात सुरू होते, "हिला दूधच नाही." आम्हाला हे बोलणे खटकते. ओढणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ बहुतेक बाळांना ३४ व्या आठवड्याच्या सुमारास जमू लागतो. तोवर दूध काढलेच नाही तर ते आटते. म्हणून बाळंतपणानंतर पहिल्या काही तासांतच हाताने काढायला लागावे. दिवसरात्र मिळून ८ ते १० वेळा. रात्रीचे चुकवू नये. पिवळा चीक थेंबभर निघाला तरी टाकायचा नाही. डॉक्टर सांगतील तसा तो नळीने, पुढे वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजावा. तोड चालू असली तरी भाकऱ्या, धुणे, गोठा घरच्या इतरांनी बघावे, नवऱ्यानेसुद्धा.