नटात अडकणारी तार

दर्पण कॉलनी, ग्वाल्हेर



इलेक्ट्रिक गिटार वरचेवर बेसूर होऊ लागली की संशय आधी खुंट्यांवर जातो आणि नव्या खुंट्यांवर पैसे खर्च होतात. दोष बहुतेक वेळा त्यांच्या अलीकडे, नटात असतो. दांडीच्या वरच्या टोकाला हाडाची किंवा प्लॅस्टिकची जी अरुंद पट्टी असते, तिच्या सहा खाचांतून तारा खुंट्यांकडे जातात. खाचेने तार धरून ठेवली की एकाच तारेत दोन ताण राहतात: वाजणाऱ्या भागात एक, खुंटीकडच्या भागात दुसरा.

याची खूण सहज ओळखता येते. खुंटी फिरवली तरी सूर हलत नाही. आणखी फिरवली की ‘टिंग’ असा बारीक आवाज होतो आणि सूर एकदम पुढे उडी घेतो. सूर कोणत्या बाजूला सुटतो, तेही पाहावे. बेंड घेताना, म्हणजे तार बोटाने बाजूला ओढून सूर चढवताना, खुंटीकडची थोडी तार खाचेतून वाजणाऱ्या भागात ओढली जाते. ती परत गेली नाही तर मोकळी तार उतरलेली लागते. ब्रिजला जोडलेला दांडा, म्हणजे व्हॅमी बार, खाली दाबला तर उलटे घडते: तार खुंटीकडे सरकते, तिथेच अडते आणि सूर चढलेला राहतो. उतरलेली तार नट आणि खुंटी यांच्यामध्ये बोटाने दाबून सोडल्यावर जागेवर आली, तर दोष खाचेचाच समजावा. इतकी सोपी परीक्षा असताना खुंट्या बदलण्याची घाई करू नये.

मात्र आधी चार गोष्टी तपासून घ्याव्यात. नवी तार ताणून बसवलेली नसेल तर ती काही काळ उतरतच राहते. खुंटीवर वेढे जास्त किंवा सैल असले तरी तसेच होते. स्ट्रॅटोकास्टरसारख्या गिटारवर पातळ तारांना खाली दाबणारी छोटी क्लिप असते, तिथेही तार घासते. ब्रिजवरच्या खाचेत धार आली असेल तर तीही तार धरते.

नटाची खाच तार का धरते? सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे तारांची बदललेली जाडी. सर्वांत पातळ तार ०.००९ इंचाची असलेल्या संचात सर्वांत जाड तार ०.०४२ इंचाची असते, ०.०१०च्या संचात ०.०४६ची. फरक मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढाच, पण पातळ तारेसाठी कापलेल्या खाचेत जाड तार दाबून बसवायला तेवढा पुरे. गुंडाळीच्या तारा तर कानशीसारख्या खाचेच्या कडेवर अडतात. दुसरे कारण हेडस्टॉकच्या, म्हणजे खुंट्या बसवलेल्या टोकाच्या, घडणीत असते. १९५२मध्ये आलेल्या गिब्सन लेस पॉलसारख्या गिटारमध्ये खुंट्या दोन्ही बाजूंना तीन-तीन असतात आणि हेडस्टॉक मागे झुकलेला असतो. मधल्या डी आणि जीच्या तारा नटातून निघताच खाली आणि बाहेर अशा दोन्ही दिशांना वळतात. जीची तार सर्वांत आधी बिघडते, अशी तक्रार म्हणूनच सर्वत्र ऐकू येते. १९५४च्या फेंडर स्ट्रॅटोकास्टरमध्ये सहाही खुंट्या एका बाजूला असून तारा जवळजवळ सरळ जातात, त्यामुळे तिथे हा त्रास कमी. ग्वाल्हेरच्या हवेचाही यात वाटा आहे. उन्हाळ्यातल्या कोरड्या झळांनी लाकूड आक्रसते, पावसाळ्यात ते फुगते. ओलाव्याने आणि घामाने तारेवर गंज चढतो आणि गंजलेली तार खाचेतून सरकत नाही.

ही अडचण फक्त विलायती वाद्याची नाही. तंबोऱ्याच्या ताराही दांडीच्या वरच्या टोकाच्या दोन पट्ट्यांवरून, म्हणजे तारगहनातून आणि अटीवरून, खुंट्यांकडे जातात. खुंटीने सूर जवळ आणायचा आणि उरलेला बारीक फरक घोडीखालच्या मण्याने भरून काढायचा, ही त्यावरची जुनी आणि फार शहाणी सोय आहे. ग्वाल्हेरची गायकी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी महाराष्ट्रात नेली. तिथे मिरजेचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या तंबोरे घडवत आले आहेत. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. तार मोकळी सरकली पाहिजे आणि तरी जागा सोडता कामा नये, ही कसोटी तिथल्या अटीला लागते तशीच गिटारच्या नटालाही लागते.

उपाय सौम्यापासून सुरू करावा. एका वेळी एकच तार सैल करून खाचेतून बाजूला घ्यावी, मऊ ब्रशने धूळ काढावी आणि ४बी किंवा ६बी पेन्सिलीची पूड खाचेत घासावी. ग्रॅफाइट कोरडे वंगण असल्याने ते लाकडात मुरत नाही. तेल मात्र घालू नये. ते दांडीत शिरते आणि त्यावर धूळ बसून खाच आणखी चिकट होते. अनेक गिटारींचे काम इथेच होते.

तरीही तार अडत असेल तर खाच गुळगुळीत करावी. बाराशे नंबरचा पॉलिश पेपर पातळ तारेच्या तुकड्यावर गुंडाळून दोन-चार हलके हात फिरवावेत. खाच तारेपेक्षा साधारण ०.०५ मिलिमीटरच रुंद हवी, तळ गोल हवा आणि उतार खुंटीकडे हवा, म्हणजे तार फ्रेटबोर्डाकडच्या कडेवरच टेकेल. उतार उलटा झाला तर तार मागे कुठेतरी टेकते आणि सतारीसारखी झणझणते. खाच रुंद करावी, खोल करू नये, आणि दर दोन हातांनंतर तार बसवून पाहावी. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबली असता पहिल्या फ्रेटवर तिच्याखाली केसभर फट दिसली पाहिजे. फट नाहीशी झाली तर मोकळी तार फ्रेटवर खडखडेल. अशा वेळी खायचा सोडा आणि फेविक्विक भरून, ते वाळल्यावर खाच नव्याने कापता येते, पण तो तात्पुरता इलाज. फेविक्विक फ्रेटबोर्डावर सांडू नये म्हणून आधी बाजूला चिकटपट्टी लावावी.

मऊ प्लॅस्टिकचा नट झिजला असेल तर हाडाचा किंवा ग्रॅफाइट मिसळलेला नट बसवून घेणे बरे. खाचा कापायला तारेच्या जाडीच्या गोल कानशी लागतात, त्यामुळे हे काम जाणत्या कारागिराकडे द्यावे आणि पुढे वापरायच्या तारांचा संचच त्याच्या हाती ठेवावा. व्हॅमी बार जोरात वापरणाऱ्यांसाठी फ्लॉइड रोझ यांची पद्धत आहे. तिचे अमेरिकी पेटंट १९७९चे. तीत तार नटापाशी स्क्रूने आवळलेली असते, त्यामुळे सरकण्याचा प्रश्नच उरत नाही. मात्र त्यासाठी नटाची जागा कोरावी लागते आणि तार बदलणे वेळखाऊ होते. शिकाऊ वादकाने त्या फंदात पडू नये.

खाच नीट झाल्यावरही सूर नेहमी खालून वर चढवत लावावा. सूर पुढे गेला तर तार स्पष्ट उतरवून पुन्हा वर आणावी, म्हणजे खुंटीच्या दात्यांतली ढिलाई आणि खाचेतले घर्षण दोन्ही एकाच बाजूला राहतात.