पिवळा दिवा काय सांगतो?



कल्याण किंवा ठाणे स्टेशनच्या फलाटाच्या अगदी टोकाशी उभे राहून तुम्ही कधी सिग्नल न्याहाळले आहेत का? हिरवा दिवा असला की गाडी धडधडत निघून जाते. लाल असला की थांबते. पण एकच पिवळा दिवा असला तर? मोटरमन गाडी तिथेच उभी करीत नाही, पण वेग आवरतो. पुढचा सिग्नल लाल असेल असे समजून तो तयारीत राहतो.

असाच एक पिवळा दिवा मोटारीत चालकाच्या समोर असतो. त्यावर इंजिनाची छोटी आकृती असते. त्याला 'चेक इंजिन' दिवा म्हणतात. २०२० नंतरच्या स्कूटर आणि मोटारसायकलींवरही तो तुम्हांला दिसेल.

आमच्या डोंबिवलीतल्या एका शेजाऱ्यांच्या मोटारीत हा दिवा लागला. गाडी तर नीट चालत होती. मेकॅनिकने एक लहानसे यंत्र जोडले आणि दिवा विझवून दिला. आठवड्याने तो पुन्हा लागला, पुन्हा विझवला गेला. पुढे एकदा भर पावसात ठाण्याला जाताना मुंब्रा बायपासच्या चढावर गाडी आचके देऊ लागली आणि दिवा उघडझाप करू लागला. शेजारी तसेच ठाण्यापर्यंत गेले. गॅरेजमध्ये कळले, की ठिणगी पाडणारी एक कॉईल बिघडली होती. ती बदलण्याचा खर्च फार नव्हता. पण तेवढ्या काळात सायलेन्सरच्या नळीतला एक महाग भाग कामातून गेला होता! हे कसे झाले? याचे उत्तर शोधताना तुमच्या भौतिकी आणि रसायनाच्या पुस्तकांतले बरेच काही भेटेल.

धुराचा हिशेब

एक किलोग्रॅम पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी सुमारे १४.७ किलोग्रॅम हवा लागते. हे प्रमाण अगदी अचूक असले आणि ज्वलन पूर्ण झाले, तर धुरात मुख्यतः कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ आणि हवेतला नायट्रोजन एवढेच राहील. प्रत्यक्षात तसे होत नाही. थोडा विषारी कार्बन मोनॉक्साइड, थोडे न जळलेले हायड्रोकार्बन आणि अति उष्णतेमुळे तयार झालेली नायट्रोजनची ऑक्साइडे बाहेर पडतात.

यावर उपाय म्हणून नळीत 'उत्प्रेरक परिवर्तक' बसवतात. गॅरेजमध्ये त्याला 'कॅटकॉन' म्हणतात. आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी चिनीमातीसारख्या पदार्थाची जाळी असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या धातूंचे अतिसूक्ष्म कण पसरलेले असतात. या तप्त पृष्ठभागावर विषारी वायूंचे रूपांतर बरेचसे निरुपद्रवी वायूंत होते. शिशाने मात्र ही जाळी निकामी होते. म्हणूनच १९९५ मध्ये आपल्या चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना परिवर्तक सक्तीचा झाला, तेव्हा बिनशिशाचे पेट्रोलही आणावे लागले.

मात्र परिवर्तकाची एक अट आहे. हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण त्या १४.७ च्या अगदी जवळपास राहिले, तरच तो तिन्ही विषांचा समाचार घेऊ शकतो.

बादलीतले पाणी

हे प्रमाण राखायचे कसे? तुम्ही आंघोळीचे पाणी काढता तेव्हा काय करता? बादलीत हात घालून पाहता. फार गरम लागले तर गार पाणी सोडता, फार गार झाले तर गरम. मोटारीतही एक 'हात' असतो. त्याचे नाव ऑक्सिजन संवेदक. झिर्कोनियम ऑक्साइडचा हा तुकडा चांगला तापला, की त्यातून ऑक्सिजनचे आयन वाहू शकतात. त्याच्या एका बाजूस धूर आणि दुसऱ्या बाजूस बाहेरची हवा असते. दोन्हीकडच्या ऑक्सिजनमध्ये जेवढा फरक जास्त, तेवढा विद्युत्‌दाब जास्त. धुरात ऑक्सिजन उरला असेल तर सुमारे ०.१ व्होल्ट मिळतो, पेट्रोल जास्त झाले असेल तर सुमारे ०.९ व्होल्ट. हे पाहून गाडीतला संगणक पेट्रोल कमीजास्त करतो. हा हिशेब प्रवासभर अखंड चालू असतो.

परिवर्तकाच्या पुढे आणखी एक संवेदक असतो. तो कशाला? परिवर्तक निरोगी असेल, तर तो ऑक्सिजन साठवतो आणि सोडतो, त्यामुळे पुढच्या संवेदकाचा दाब जवळजवळ स्थिर राहतो. उलट पहिल्यासारखाच दुसराही वरखाली होऊ लागला, तर मधला परिवर्तक थकला असला पाहिजे! परिवर्तक न उघडता त्याची परीक्षा घेण्याची ही युक्ती किती सोपी आहे, पाहा.

एक ठिणगी चुकली तर

आता शेजाऱ्यांच्या गाडीकडे वळू. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ३००० फेरे फिरत असेल, तर सेकंदाला ५० फेरे झाले. प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन फेऱ्यांत एकदा स्फोट होतो. म्हणजे सेकंदाला एकंदर १०० स्फोट. त्यांतला एखादा चुकला तर ते संगणकाला कसे कळते?

सायकल मारताना एका पायाचा जोर चुकला, की चाक क्षणभर मंदावते. तसेच इथेही होते. इंजिनाच्या मुख्य दांड्यावर, म्हणजे क्रँकशाफ्टवर, दाते असलेले चाक असते. पुष्कळ गाड्यांत ६० दात्यांची जागा असते आणि खुणेसाठी २ दाते मुद्दाम गाळलेले असतात. शेजारच्या संवेदकासमोरून दाते सरकले, की विद्युत् स्पंद निर्माण होतात. दोन स्पंदांमधला वेळ किंचित वाढला, की संगणक ओळखतो की अमुक सिलिंडर चुकला.

त्या सिलिंडरमधले पेट्रोल मग न जळता नळीत जाते आणि तप्त परिवर्तकात जळते. जाळी हजार अंश सेल्सिअसच्या पुढे तापली, की धातूंचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटून मोठे होतात. धातू तेवढाच राहतो, पण त्याचा पृष्ठभाग घटतो. उष्णता आणखी वाढली, तर जाळीच वितळून मार्ग बुजतो. शेजाऱ्यांच्या गाडीत नेमके हेच झाले. उघडझाप करणारा दिवा 'परिवर्तक आता जळतो आहे' असे ओरडून सांगत होता.

ताप आणि रोग

पुष्कळसे दोष एकदा दिसले म्हणून लगेच दिवा लागत नाही. सलग दोन फेऱ्यांत तोच दोष आढळला, तर लागतो. त्याच वेळी संगणक एक सांकेतिक क्रमांक नोंदवून ठेवतो. मेकॅनिक डॅशबोर्डखालच्या १६ पिनांच्या जोडणीला यंत्र लावून तो वाचतो. 'पी ०३०१' म्हणजे पहिल्या सिलिंडरची ठिणगी किंवा ज्वलन चुकते आहे. 'पी ०४२०' म्हणजे परिवर्तक नीट काम करीत नाही. 'पी ०१७१' म्हणजे मिश्रणात हवा जास्त आहे.

पण थांबा! तापमापकाने १०२ अंश ताप दाखवला, तर तो मलेरियाचा की टायफॉइडचा हे कळते का? क्रमांकाचेही तसेच आहे. 'हवा जास्त' याचे कारण फाटलेली नळी असेल, दुबळा पेट्रोलपंप असेल किंवा मळलेला संवेदकही असेल. क्रमांक वाचून तपासाला सुरुवात होते, शेवट नव्हे. आणि कारण न शोधता क्रमांक पुसणे म्हणजे तापमापक झटकून 'ताप उतरला' म्हणण्यासारखेच. शिवाय बिघाडाच्या क्षणी इंजिन किती वेगाने फिरत होते, किती तापले होते, ही नोंदही त्याबरोबर पुसली जाते.

कुर्ल्याच्या कारखान्यात बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीला असा दिवा नव्हता. तिचा मेकॅनिक कानाने ठोका ऐके आणि नाकाने पेट्रोलचा वास घेई. अमेरिकेत १९९६ सालच्या मॉडेलांपासून सर्व मोटारींना प्रमाणित स्वयंनिदान यंत्रणा आली. आपल्याकडे ती २०१० पासून भारत स्टेज ४ बरोबर आली आणि २०१३ मध्ये अधिक कडक झाली. हेतू केवळ मालकाची सोय हा नव्हता. कल्याण-शीळ रस्त्यावर किंवा घोडबंदर रोडवर मोटारींची रांग लागते, तेव्हा बाजूने दप्तर पाठीला लावून चालणाऱ्या मुलांच्या नाकाशी तो धूर येतो. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही आणि वासही नाही. म्हणून तो ओळखणारा पहारेकरी गाडीतच बसवला गेला.

मग करायचे काय?

दिवा पिवळा आणि स्थिर असेल, तर घाबरू नये. गाडी बेताने चालवावी आणि एकदोन दिवसांत तपासून घ्यावी.

तो उघडझाप करीत असेल, तर ताबडतोब वेग कमी करावा, चढावर जोर लावू नये. उघडझाप थांबली नाही, तर सुरक्षित जागी गाडी उभी करून इंजिन बंद करावे.

तेलाच्या किटलीचा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला, तर मात्र वाट पाहायची नाही. सुरक्षितपणे बाजूला घेऊन लगेच थांबावे.

करून पाहा

घरच्या किंवा शेजारच्या मोठ्या माणसाला गाडीची किल्ली फिरवायला सांगा, पण इंजिन सुरू करू देऊ नका. क्षणभर बरेच दिवे लागतील. त्यांत इंजिनाचा पिवळा दिवा आहे का पाहा. आता इंजिन सुरू केल्यावर तो विझला पाहिजे. गाडी बंद जागेत असेल, तर हा दुसरा भाग मोकळ्यावर नेऊनच करा. किल्ली फिरवल्यावर दिवा मुळीच लागला नाही, तर तो बिघडला आहे किंवा कोणी मुद्दाम बंद केला आहे. जुनी गाडी विकत घेताना घरच्यांना हे अवश्य सांगा. न लागणारा दिवा पाहून 'गाडी निर्दोष आहे' असे समजणाऱ्याची फसगत होते.

आणि एक गणित: इंजिन मिनिटाला २४०० फेरे फिरत आहे आणि चारपैकी एका सिलिंडरमध्ये मुळीच ठिणगी पडत नाही. तर एका मिनिटात किती वेळा न जळलेले पेट्रोल परिवर्तकाकडे जाईल? उत्तर काढा, म्हणजे आमच्या शेजाऱ्यांचा मुंब्र्यापासून ठाण्यापर्यंतचा प्रवास केवढ्याला पडला, याचा अंदाज तुम्हांला येईल.