पैसा कोठून येतो?

सांगली आणि मिरज या दोन शहरांच्या मध्ये विश्रामबाग हा भाग आहे. विलिंग्डन महाविद्यालय व वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय येथेच असल्यामुळे विद्यार्थी व नोकरदार यांची वस्ती येथे पुष्कळ आहे. अशा वस्तीत एखाद्या सायंकाळी कोणाचे तरी मामा घरी येतात, चहा घेतात आणि एका योजनेची गोष्ट काढतात. दहा हजार रुपये भरून सभासद व्हावे. साबण, चहा व औषधे यांचा एक संच मिळेल. मग आपण सहा जणांना सभासद करावे, त्यांनी प्रत्येकी आणखी सहा जणांना करावे. प्रत्येक नव्या सभासदामागे आपल्याला वाटा मिळत राहील!

मामा लबाड नसतात. बहुधा त्यांनी स्वतःचेच पैसे त्यात घातलेले असतात, आणि म्हणूनच त्यांना 'नाही' म्हणणे जड जाते. अशा वेळी पाटी-पेन्सील घेऊन बसावे.

पहिल्या पायरीवर 6 सभासद, दुसरीवर 36, तिसरीवर 216. सातवीवर 2,79,936 होतात, आठवीवर 16,79,616 आणि नववीवर 1,00,77,696. सांगली जिल्ह्याची सारी लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत 28,22,143 होती, आणि तीत पाळण्यातील बाळेही आली. म्हणजे साखळी कोठेतरी थांबणारच. ती कोठेही थांबली, तरी दर सहा सभासदांपैकी सुमारे पाच अगदी शेवटच्या पायरीवर असतात. त्यांच्या खाली कोणीच नसते. त्यांचे पैसे वर गेलेले असतात.

खऱ्या व्यापाराची रीत वेगळी आहे. सांगलीच्या बाजारपेठेत हळदीचे सौदे होतात. शेतकरी, अडत्या, व्यापारी, दुकानदार असे अनेक हात तेथेही असतात व प्रत्येकाला नफा हवा असतो. परंतु ती हळद अखेर कोणाच्या तरी स्वयंपाकघरात जाते. भाजीत हळद घालणाऱ्या गृहिणीला सभासद व्हायचे नसते. तिला हळद हवी असते. सर्वांचा नफा तिच्या पैशातून येतो.

हा भेद न पाहिल्याने काय होते, ते याच जिल्ह्याने 2019 साली पाहिले. इस्लामपूर येथून कडकनाथ जातीच्या कोंबड्या पाळण्याची एक योजना चालविली जात होती. शेतकऱ्याने पैसे भरून पिल्ले घ्यावीत. अंडी व पक्षी चढ्या दराने परत विकत घेऊ, असा करार असे. प्रारंभी काहींना पैसे मिळाले, ते पाहून शेजारी पुढे झाले. एवढा दर देऊन ही अंडी रोज खाणारी गिऱ्हाइके कोठे आहेत, हे फारसे कोणी विचारले नाही. त्या वर्षी पैसे मिळणे बंद झाले, पोलिसांत गुन्हे नोंदले गेले, आणि खुराड्यांत भुकेल्या कोंबड्या उरल्या. अनेकांनी त्यासाठी कर्ज काढले होते. हा प्रकार केवळ आपल्याकडचा नव्हे. 1920 साली अमेरिकेतील बोस्टन शहरात चार्ल्स पाँझी नावाच्या गृहस्थाने 45 दिवसांत दीडपट रक्कम देण्याचे वचन देऊन नव्यांचे पैसे जुन्यांना वाटले होते.

घरोघर जाऊन माल विकणारी प्रत्येक संस्था फसवी असते, असे मात्र नाही. 2021 च्या डिसेंबरमध्ये केंद्र सरकारने अशा थेट विक्रीसाठी नियम केले. त्यांनुसार माल विकता येतो. केवळ माणसे जोडून पैसा फिरविण्यास मनाई आहे. 1978 चा कायदा तर अधिक कडक आहे. पैसा फिरविण्याची योजना चालविणाराच नव्हे, तर तीत सभासद म्हणून नाव नोंदविणाराही त्या कायद्याने दोषी ठरतो. मामांना हे बहुधा ठाऊक नसते.

म्हणून त्यांचा मान राखूनच विचारावे : "मामा, उद्यापासून एकही नवा सभासद झाला नाही, तर तुम्हांला पैसे कोण देईल? हाच साबण कोपऱ्यावरच्या दुकानात केवढ्याला मिळतो? सभासद नसलेल्या किती जणांनी तो तुमच्याकडून दुसऱ्यांदा घेतला? न खपलेला माल परत घेऊ, असे कागदावर लिहून मिळते का?" आजच नाव नोंदविले पाहिजे अशी घाई ते करू लागले, तर तो कागद दोन दिवस घरी ठेवून घ्यावा आणि बँकेत काम करणाऱ्या एखाद्या माहितगार माणसाला किंवा वकिलाला दाखवावा.