टीटी लगेच, फ्लूची लस मात्र 'घ्यायची तर घ्या'

प्रश्न : माझ्या सुनेला सातवा महिना आहे. नाव नोंदवलं त्याच दिवशी तिला टीटीचं इंजेक्शन दिलं, आम्हाला कुणी विचारलंही नाही. फ्लूच्या लसीबद्दल मात्र तिनेच विचारलं, तेव्हा डॉक्टर बाई म्हणाल्या, "घ्यायची तर घ्या, तशी गरज नाही." तिच्या मैत्रिणीला दुसऱ्या डॉक्टरांनी तीच लस आग्रहाने दिली. दोघेही डॉक्टर अनुभवी, मग एकमत का नाही?
— एक वाचक, सातारा

उत्तर : लसीतच काही खोट असेल म्हणून डॉक्टर कचरत असतील, ही शंका आधी मनातून काढा. इंजेक्शनने देतात त्या फ्लूच्या लसीतला विषाणू मारलेला असतो. गरोदर बाईला ती द्यावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते आणि आपल्याकडच्या स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना फॉग्सीही सांगते. गरोदरपणात टाळायच्या त्या गोवर-रुबेला, कांजिण्या अशा जिवंत विषाणूंच्या लसी.

टीटीच्या, म्हणजे धनुर्वाताच्या लसीच्या, पाठीशी सगळी यंत्रणा उभी आहे. ते फुकट मिळतं, माता-बाल संरक्षण कार्डावर त्याचा रकाना असतो, आशाताईंच्या यादीत गरोदर बाईचं नाव असतं आणि लसीकरणाच्या दिवशी नर्सबाईंच्या डब्यात कुपी असतेच. (आता त्याच कुपीत घटसर्पाचीही लस असते, म्हणून कागदावर 'टीडी' लिहितात, बोलताना सगळे टीटीच म्हणतात.) जुन्या डॉक्टरांनी आणि सुइणींनी धनुर्वाताने ताठरलेली, दूध ओढू न शकणारी चार-आठ दिवसांची बाळं डोळ्यांनी पाहिली होती. २०१५ मध्ये माता आणि नवजात बाळांमधल्या धनुर्वाताचं भारतातून उच्चाटन झाल्यावर जागतिक आरोग्य संघटनेनं शिक्कामोर्तब केलं. त्यामुळे या इंजेक्शनाबाबत कुणाच्या मनात किंतु उरलेला नाही.

फ्लूच्या लसीला यातलं फारसं काही लाभलेलं नाही. खासगी दवाखान्यात ती विकत घ्यावी लागते. बाहेर बाकावर रांग लागलेली असते आणि समजावून सांगायला पाच मिनिटंही नसतात. शिवाय फ्लू म्हणजे साधा सर्दी-ताप, हा समज डॉक्टरांमध्येही आहे. खरं तर गरोदरपणात फुप्फुसांवर आणि हृदयावर आधीच ताण असतो, त्यामुळे हाच ताप न्यूमोनियापर्यंत जाऊ शकतो. २००९ च्या स्वाइन फ्लूच्या साथीत गरोदर बायका जास्त गंभीर झालेल्या जगभर दिसल्या.

आणखी एक कारण आहे, ते सहसा कुणी बोलून दाखवत नाही. गर्भ राहिल्याचं कळल्यानंतरही शंभरातल्या दहा-पंधरा गर्भधारणा आपोआप थांबतात. आदल्या दिवशी लस दिलेली असेल तर नातेवाईक बोट लसीकडेच दाखवणार, हे प्रत्येक डॉक्टर जाणून असतो. शिवाय गरोदर बाईला काहीही देताना हात आखडता घ्यायचा, ही शिकवण थॅलिडोमाइडपासून वैद्यकात मुरली आहे. १९५७ ते १९६१ या काळात विकल्या गेलेल्या त्या गोळीने हजारो मुलं हातापायांचं व्यंग घेऊन जन्मली. सावधगिरी तिथे रास्तच होती. पण तीच सवय लसींना लावली, तर न दिल्याने होणारं नुकसान कुणाच्याच खात्यावर जमा होत नाही.

कोविडच्या वेळी हे नुकसान सगळ्यांना दिसलं. चाचण्यांमध्ये गरोदर बायकांना घेतलं नव्हतं, म्हणून जानेवारी २०२१ मध्ये लसीकरण सुरू झालं तरी त्यांना परवानगी मिळायला २ जुलै उजाडला. दुसरी लाट मधल्या काळात येऊन गेली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) जूनमध्ये दिलेल्या आकड्यांनुसार गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या बाधित स्त्रियांमधलं मृत्यूचं प्रमाण पहिल्या लाटेत ०.७ टक्के होतं, दुसऱ्या लाटेत ते ५.७ टक्क्यांवर गेलं. डॉक्टरांना आधी 'नाही' आणि मग 'घ्या' असं सांगावं लागलं. ज्या बायकांनी दोन्ही ऐकलं, त्यांचा विश्वास डळमळला तर दोष त्यांचा नाही.

गरोदर बाई लस घेते की नाही, हे तिला तपासणारी व्यक्ती काय बोलते यावर सगळ्यात जास्त ठरतं, असं देशोदेशींच्या पाहण्यांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. "घ्यायची तर घ्या" ऐकून बहुतेक घरांत "नको" असंच ठरतं. माझ्या मते असं बोलून डॉक्टर आपली जबाबदारी त्या बाईच्या अंगावर ढकलतात.

सुनेला पुढच्या तपासणीला थेट विचारायला सांगा : "माझ्या बाबतीत न घेण्याचं काही कारण आहे का?" आज अंगात ताप असणं किंवा आधीच्या डोसची तीव्र ॲलर्जी, ही खरी कारणं. तसं काही नसेल तर लस घ्यावी. आईच्या रक्तातली प्रतिपिंडं वारेतून बाळाकडे जातात आणि बाळाला स्वतःची फ्लूची लस सहा महिन्यांआधी देताच येत नाही. डांग्या खोकल्याच्या लसीचंही, म्हणजे टीडॅपचंही, याच वेळी विचारा. तिचा योग्य काळ सत्ताविसावा ते छत्तिसावा आठवडा, आणि सुनेचा तो चालूच आहे. बाळाचा त्यावरचा पहिला डोस दीड महिन्यानंतरचा, आणि हा खोकला जिवावर बेततो तो नेमका त्याआधीच्या दिवसांत.

राज्य सरकारने २०१५ पासून गरोदर स्त्रियांना चौथ्या महिन्यापासून फ्लूची लस मोफत देण्याची सोय केली, तेव्हा आधी जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. तिथे साठा नसला, तर जवळच्या बालरोगतज्ज्ञांना विचारा. त्यांच्या फ्रिजमध्ये या दोन्ही लसी बहुधा असतात.