सगळ्यात हळू चालवणारा पुढे

गडचिरोली, कार्तिक

चि. भाचीस,

नाताळच्या सुट्टीत तुम्ही आठ जण सायकली घेऊन येताय, वाचून फार बरं वाटलं. पण तू पहिल्याच दिवशी आलापल्ली ते भामरागड आखलंस. तो रस्ता तुमच्यातल्या तिघा तगड्यांचा झाला. ताईचे गुडघे आणि धाकट्याचं दहा वर्षांचं वय तू हिशेबात धरलंच नाहीस.

सुरुवात चंद्रपुरातून कर. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा, बिनबा हे परकोटाचे चार दरवाजे सकाळच्या गर्दीआधी सावकाश फिरून होतात. हत्तीवर चढलेला सिंह हे गोंड राजांचं चिन्ह धाकट्याला दरवाज्यांवर शोधायला लाव. इको-प्रो संस्थेच्या तरुणांनी २०१७ पासून झाडोरा उपटून हा तट मोकळा केला. अंचलेश्वराजवळ राणी हिराईनं बांधलेली बीरशहाची समाधी आहे, तिथे ताईला निवांत बसू दे. मोहर्लीच्या रस्त्याला मात्र वाघांमुळे सायकल नको. ताडोबा जिप्सीतूनच बघा.

मग मार्कंडा. गडचिरोलीहून चामोर्शीमार्गे एका बाजूनं चाळीसेक किलोमीटर, दोन्हीकडे धानाच्या बांध्या. वैनगंगा तिथे उत्तरेकडे वळते, म्हणून त्या काठाचं माहात्म्य. रोज थोडीफार सायकल चालवणाऱ्याला हे जमतं, पण मुक्काम करून दुसऱ्या दिवशी परतायचं.

धानोऱ्याचा रस्ता माझा सगळ्यात लाडका. शोधग्राम मागे टाकलं की जंगल दाट होत जातं, आणि पुढे मेंढा (लेखा) लागतं. २००९ मध्ये या गावानं आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला. तिथे फोटो काढून निघून जाऊ नका. आधी निरोप पाठवा आणि गावकऱ्यांशी बोला.

याच रस्त्यावर पस्तीस वर्षांपूर्वी माझ्या मित्राची चेन तुटली. आम्ही गप्पांच्या नादात पुढे निघून गेलो. मागे वळून पाहिलं तर तो नव्हता. उलट फिरून त्याला गाठलं तेव्हा दिवस मावळला होता, आणि दोन बंडीवाल्यांनी त्याला आपल्यामध्ये बसवून ठेवलं होतं. तो आम्हाला एका शब्दानं बोलला नाही. आमच्यासोबत पुन्हा सायकलवर आलाही नाही. ते मला अजून लागतं.

म्हणून सांगतो, सगळ्यात हळू चालवणारा पुढे आणि दोन तगडे सगळ्यात मागे. जंगलाच्या रस्त्यावर सकाळी आठच्या आधी चाक फिरवायचं नाही आणि चारच्या आत गावात पोचायचं. पंक्चर काढताना एकट्यानं ओणवं बसू नका. मोहफुलं वेचणाऱ्या, तेंदूपानं तोडणाऱ्या माणसांवर वाघानं झडप घातली, ती बरेचदा अशी वाकलेली असतानाच. एकानं ठिगळ लावायचं, बाकीच्यांनी उभं राहून चहूकडे बघायचं. पुढच्या रस्त्याचं विचारायचं तर मानव विकास योजनेच्या सायकलींवरून शाळेत जाणाऱ्या मुलींना विचारा. त्या रोज तिथून जातात. कुठे हत्ती उतरलेत, कुठे पूल खचलाय, हे त्यांना आधी कळतं.

आलापल्ली त्या तिघांसाठी शेवटी ठेव. भामरागडच्या वाटेवर ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’चे जुने साग आहेत, त्यांच्याखाली थांबल्याशिवाय पुढे जायचं नाही. हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प, १९७३ पासूनचा. पुढे भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती एकत्र येतात. आष्टीकडून आलापल्लीला मात्र सायकलनं येऊ नका. त्या रस्त्यावर सुरजागडच्या खनिजाचे ट्रक धावतात. सायकली गाडीवर टाकून आणा.

त्या दिवशी ताई जीपमधून येईल. पाणी, ट्यूबा, डबे तिच्या ताब्यात. ‘मी तर नुसती मागून येणार’ असं ती म्हणाली, तर तिला बाबा आमट्यांची आठवण दे. १९८५ च्या डिसेंबरात कन्याकुमारीहून ‘भारत जोडो’ निघालं तेव्हा तरुण सायकलींवर होते आणि मणक्याच्या आजारामुळे बसता न येणारे बाबा गाडीत आडवे पडून त्यांच्याबरोबर होते. ती यात्रा त्यांचीच म्हणून ओळखली जाते.

धाकट्याच्या सायकलीची सीट किती उंच ठेवायची ते मोजून कळव. इथल्या दुकानातून त्याच्या मापाची सायकल आणून ठेवतो, आणि आठ दिवस आधी मीच ती चालवून ब्रेक बघून घेतो.

तुझा मामा